कर्झनची घाई, गोखल्यांचा हिशेब

नवा राज्यकर्ता सुधारणांची लांबलचक यादी घेऊन येतो आणि बघता बघता लोकांचे दोन तट पडतात. एका तटाला त्याची प्रत्येक गोष्ट पटते, दुसऱ्याला एकही पटत नाही. या दोहोंच्या मध्ये जो उभा असतो त्याची पंचाईत मोठी. त्याला यादीतली चौथी सुधारणा मनापासून आवडलेली असते, सातवी घातक वाटत असते आणि अकरावी चांगली असूनही ती ज्या रीतीने आणली गेली त्याबद्दल त्याची तक्रार असते. एवढे सगळे ऐकून घ्यायला कुणाला सवड नसते. अशा माणसाला आपल्याकडे मवाळ म्हणतात आणि म्हणताना आवाजात जराशी कीव असते. मी स्वतःला त्यांच्यातलाच समजतो. म्हणून या लेखात एका झपाटलेल्या राज्यकर्त्याबद्दल आणि त्याच्या समोर उभे राहून हिशेब मागणाऱ्या एका मवाळाबद्दल लिहायचे आहे. लॉर्ड कर्झन आणि गोपाळ कृष्ण गोखले.

कर्झनचे नाव काढले की आपल्याला फाळणी आठवते, वंगभंग. शाळेच्या पुस्तकात त्याच्या वाट्याला तेवढाच परिच्छेद येतो. पण जानेवारी १८९९ मध्ये तो व्हाइसरॉय म्हणून कलकत्त्यात आला तेव्हाचे चित्र वेगळे होते. वय चाळिशीच्या उंबरठ्यावर. भारतात आधी अनेकदा येऊन गेलेला, इराणवर दोन खंडांचा ग्रंथ लिहिलेला, इंडिया ऑफिसात उपमंत्री म्हणून काम केलेला माणूस. त्याच्या इतकी तयारी करून आलेला व्हाइसरॉय त्याआधी क्वचितच कुणी असेल. पहिल्याच वर्षी त्याने सांगून टाकले की बारा मोठ्या सुधारणा आपल्या मनात आहेत. कोणत्या, ते मात्र सांगितले नाही. त्याचा पुढचा सगळा कारभार या एका गोष्टीत आधीच दिसतो असे मला वाटते. यादी तयार होती आणि ती त्याच्या खिशात होती.

आणि त्याने काम केले. सचिवालयातल्या फायली एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर ज्या संथपणे फिरत त्याचा त्याला मनस्वी संताप होता. पृथ्वी स्वतःभोवती फिरते तशी फाइल फिरते, असे त्याने लिहून ठेवले आहे. अधिकाऱ्यांनी एकमेकांच्या शेऱ्यांवर पानेच्या पाने शेरे लिहायचे थांबवून समोरासमोर बसून निर्णय घ्यावा, वर पाठवायच्या अहवालांची संख्या आणि जाडी कमी करावी, असे नियम त्याने केले. शेती, पाटबंधारे, पोलीस, रेल्वे, विद्यापीठे, प्राचीन वास्तू, नाणे, सरहद्द. हात लावला नाही असे खाते उरले नाही. सर कॉलिन स्कॉट-मॉन्क्रीफच्या अध्यक्षतेखाली पाटबंधारे आयोग नेमला. सर अँड्र्यू फ्रेझरच्या पोलीस आयोगाने पोलीस खाते भ्रष्ट आणि जुलमी असल्याचे सरकारी अहवालात लिहून दिले. सरकारने स्वतःच्या खात्याबद्दल असे लिहू देणे ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती. बिहारात पुसा येथे शेतकी संशोधन संस्था उभी राहिली. पुरातत्त्व खात्याला जॉन मार्शलसारखा माणूस मिळाला आणि १९०४ मध्ये प्राचीन स्मारकांच्या जतनाचा कायदा झाला. अहमदाबादची सिदी सय्यदची मशीद, तिची ती दगडात विणलेली जाळी जगप्रसिद्ध आहे, तेव्हा सरकारी कचेरी म्हणून वापरली जात होती. कर्झनने ती रिकामी करायला लावली.

आणखी एक प्रसंग मुद्दाम सांगतो, कारण तो आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. १९०२ मध्ये सियालकोट येथे नवव्या लान्सर्स पलटणीतल्या गोऱ्या शिपायांनी अटू नावाच्या एका आचाऱ्याला इतके मारले की तो दगावला. पलटणीने चौकशी केली आणि गुन्हेगार सापडत नाहीत असे सांगून मोकळी झाली. कर्झनने ते मान्य केले नाही. त्याने सगळ्या पलटणीला शिक्षा केली, रजा बंद केल्या. ही पलटण साधीसुधी नव्हती, तिच्यात बड्या घरची मुले होती. पुढच्याच वर्षी दिल्ली दरबारात ती पलटण संचलनात पुढे आली तेव्हा प्रेक्षकांतल्या युरोपियनांनी व्हाइसरॉयच्या डोळ्यांदेखत तिचा जयजयकार केला. कर्झन घोड्यावर बसून ते ऐकत होता. एका हिंदी आचाऱ्याच्या जिवासाठी स्वतःच्या जातभाईंचा रोष पत्करणारा हा माणूस होता. हे मान्य केल्याशिवाय त्याच्या विरुद्ध एक शब्दही लिहू नये, असे मला वाटते.

गोखले व्हाइसरॉयच्या कायदे कौन्सिलात आले ते १९०१ च्या अखेरीस, फिरोजशहा मेहता यांच्या जागी. वय पस्तीस. फर्ग्युसन कॉलेजातली नोकरी सुटायच्या बेतात होती आणि गुरू न्यायमूर्ती रानडे त्याच वर्षी जानेवारीत गेले होते. ज्या कौन्सिलात ते बसणार होते त्याची ताकद केवढी, तर अंदाजपत्रकावर बोलायचे पण मत द्यायचे नाही. सरकारी सभासदांचे बहुमत पक्के. अध्यक्षस्थानी खुद्द व्हाइसरॉय. म्हणजे बोलणारा काहीही बोलला तरी निकाल आधीच लागलेला. अशा सभेत माणूस दोन गोष्टी करू शकतो: गप्प बसणे किंवा गर्जना करणे. गोखल्यांनी तिसरी गोष्ट केली. त्यांनी आकडे मांडले.

२६ मार्च १९०२ चे ते भाषण मी अनेकदा वाचले आहे. सात कोटींची शिल्लक पडली म्हणून सभागृहात अर्थमंत्री सर एडवर्ड लॉ यांचे अभिनंदन चालले होते. गोखल्यांनी उठून सांगितले की मी या अभिनंदनात सामील होऊ शकत नाही. देश दुष्काळाने आणि प्लेगने पोळलेला असताना तिजोरीत विक्रमी शिल्लक पडते, याचा अर्थ लोकांची स्थिती आणि सरकारची स्थिती यांचा एकमेकींशी संबंध तुटला आहे.

आता या वाक्यामागचा हिशेब पाहण्यासारखा आहे. विलायतेला दरवर्षी पाठवायचा पैसा, पेन्शने, व्याज, इंडिया ऑफिसचा खर्च, हा सगळा पौंडांत द्यावा लागे आणि करवसुली रुपयांत होई. रुपयाची किंमत घसरत घसरत तेरा पेन्सच्या आसपास आली तेव्हा सरकारची ओढाताण झाली आणि ती भरून काढायला कर वाढवले गेले. १८८८ मध्ये मिठावरचा कर मणाला दोन रुपयांवरून अडीच रुपये झाला. पुढे टांकसाळी लोकांसाठी बंद करून रुपया सोळा पेन्सवर बांधण्यात आला. एक कोटी पौंड विलायतेला पाठवायला तेरा पेन्सच्या दराने साडेअठरा कोटींच्या आसपास रुपये लागत, सोळा पेन्सच्या दराने पंधरा कोटी पुरत. ओढाताण संपली. तिच्या नावाने बसवलेले कर मात्र तसेच राहिले. शिल्लक म्हणून जी मिरवली जात होती ती कुणाच्या कर्तबगारीची नव्हती. गरज संपल्यावरही रयतेकडून घेतला जाणारा तो पैसा होता.

हे एवढे स्वच्छ मांडायला किती कष्ट पडले असतील? सोलापूरकडचे गणेश व्यंकटेश जोशी हे सरकारी शाळेत शिकवणारे गृहस्थ, त्यांचा आकड्यांचा अभ्यास असा होता की रानडेही त्यांना मानत. त्यांनी पत्रे लिहून लिहून गोखल्यांना साहित्य पुरवले. एक शिक्षक आणि एक प्राध्यापक, दोघांनी मिळून साम्राज्याचा ताळेबंद तपासला. मला हा मवाळपणाचा सर्वांत देखणा क्षण वाटतो. तिथे घोषणा नव्हती, शिवीही नव्हती. सरकारच्याच पुस्तकातले आकडे सरकारपुढे ठेवले आणि बेरीज करून दाखवली.

पुढच्याच वर्षी, १९०३ च्या अंदाजपत्रकात, मिठावरचा कर अडीच रुपयांवरून पुन्हा दोन रुपयांवर आला. प्राप्तिकराची मर्यादा पाचशेवरून हजारावर गेली, म्हणजे लहान कारकून आणि लहान दुकानदार करातून सुटले. १९०५ मध्ये मिठाचा कर आणखी खाली, दीड रुपयावर आला. हे सगळे एका भाषणाने झाले असे म्हणणे भोळेपणाचे ठरेल. सरकारची स्वतःची गणिते होती, दुष्काळाची लाज होती. पण पुढच्या वर्षी गोखले उभे राहिले तेव्हा त्यांनी या कपातीचे मोकळ्या मनाने स्वागत केले आणि मग पुढच्या मागण्या मांडल्या, ही गोष्ट महत्त्वाची आहे. आपल्या विरोधकाने चांगले काम केले की ते चांगले आहे असे म्हणताना आपल्याला आज किती जड जाते! म्हटले तर आपल्याच बाजूचे लोक संशयाने बघतात. गोखल्यांकडेही बघितले. १९०४ च्या सुरुवातीला कर्झनच्या सरकारने त्यांना सी.आय.ई. हा किताब दिला तेव्हा तर पुण्यात काय काय बोलले गेले असेल याची कल्पना करता येते. पण त्याच हंगामात त्याच सरकारच्या दोन विधेयकांशी हे किताबधारी गृहस्थ कलमागणिक झुंजत होते.

त्याआधी मुंबई इलाख्यातली एक हकीकत सांगितली पाहिजे, कारण तिचा शिक्का आजही आपल्या सातबाऱ्यावर आहे. १९०१ मध्ये मुंबई सरकारने जमीन महसूल कायद्यात दुरुस्ती आणली. दुष्काळात शेतसारा थकला म्हणून ज्यांच्या जमिनी सरकारजमा होत होत्या, त्यांना त्या परत द्यायच्या, पण नव्या अटीवर: कलेक्टरच्या परवानगीशिवाय ती जमीन विकता येणार नाही, गहाण टाकता येणार नाही. हेतू सांगितला गेला तो सावकारापासून कुळाला वाचवण्याचा. हेतू खोटा होता असे मी म्हणणार नाही. १८७५ मध्ये सुप्याला सावकारांच्या वह्या जाळल्या गेल्या तेव्हापासून दख्खनच्या शेतकऱ्याची जमीन सावकाराच्या घशात जाते आहे हे सरकारला दिसत होते. फिरोजशहा मेहतांनी काय मागितले? विधेयक रद्द करा असे ते म्हणाले नाहीत. ते लोकांच्या आणि जाणकारांच्या मतासाठी फिरवा, मग ठरवा, एवढीच त्यांची उपसूचना होती. ती फेटाळली गेली. तेव्हा मेहता, गोखले आणि आणखी काही सभासद मुंबई कौन्सिलाच्या सभागृहातून उठून गेले.

मवाळांनी सभात्याग केला. कायद्याच्या मजकुरावर हरल्याबद्दल ते उठले नाहीत. हरणे त्यांना सवयीचे होते. ज्यांच्या जमिनीचा प्रश्न आहे त्यांना एकदा विचारा, एवढेही मान्य होत नाही म्हटल्यावर ते उठले. आमच्या नात्यातल्या एका कुटुंबाच्या उताऱ्यावर ‘नवीन शर्त’ हे दोन शब्द आहेत. मुलीच्या शिक्षणासाठी तुकडा विकायचा म्हणून त्या घरचे काका एका कचेरीच्या पायऱ्या झिजवत होते. प्रत्येक खेपेला नवा कागद मागितला जाई. शेतकऱ्याचे सावकारापासून रक्षण करण्यासाठी आणलेली अट सव्वाशे वर्षांनंतर शेतकऱ्यालाच कशी आडवी येते, हे त्या काकांच्या पिशवीतल्या कागदांच्या चळतीत मी पाहिले. जमीन राखली गेली हेही खरे आहे. अट नसती तर ती त्यांच्या आजोबांच्याच काळात गेली असती कदाचित. दोन्ही खरे असते तेव्हाच विचारण्याची गरज असते.

विद्यापीठांचा कायदा ही या सगळ्या कथेतली मोठी लढाई. विद्यापीठांची अवस्था वाईट होती यात शंका नाही. ती परीक्षा घेणारी यंत्रे झाली होती. सिनेटवर आजन्म सभासद नेमलेले, मुंबईत त्यांची संख्या काही शेकड्यांत, अनेकांनी वर्षानुवर्षे विद्यापीठाचे तोंड पाहिलेले नसे. कर्झनला हे दिसले, त्याने बरोबर ओळखले. पण त्याने केले काय? सप्टेंबर १९०१ मध्ये सिमल्याला शिक्षण परिषद भरवली, बंद दाराआड, आणि तिच्यात एकही हिंदी माणूस नव्हता. ज्या देशात शिक्षणासाठी लोकांनी स्वतःच्या खिशातून कॉलेजे काढली होती, त्या देशाच्या शिक्षणाचा विचार करताना त्या देशातला एकही माणूस विचारण्याच्या लायकीचा सापडला नाही. पुढे रॅलेच्या अध्यक्षतेखाली विद्यापीठ आयोग नेमला, त्यातही आधी एकही हिंदू नव्हता. ओरड झाल्यावर न्यायमूर्ती गुरुदास बॅनर्जींना घेतले, त्यांनी भिन्नमतपत्रिका जोडली. मग विधेयक आले: सिनेट जास्तीत जास्त शंभराची, मुदत पाच वर्षांची, मुंबई-कलकत्ता-मद्रासला निवडून येणारे फक्त वीस, बाकीचे बहुतेक सरकारने नेमायचे, आणि विद्यापीठाचे नियम सरकारला बदलता येणार.

गोखल्यांचे पुरे आयुष्य खासगी शिक्षणसंस्थेत गेले होते. डेक्कन एज्युकेशन सोसायटीत अत्यल्प पगारावर वीसेक वर्षे राबलेल्या माणसाला, तुम्हांला शिक्षणातले काय कळते, असे हे विधेयक सुचवत होते. तरीही त्यांनी प्रवर समितीत बसून कलमांवर दुरुस्त्या सुचवल्या. त्यांच्याबरोबर आशुतोष मुखर्जी होते. दुरुस्त्या एकामागून एक पडल्या. मार्च १९०४ मध्ये कायदा झाला. आणि मग एवढ्या कार्यक्षम सरकारने, स्वतःच केलेल्या कायद्याप्रमाणे सिनेट बनवताना चूक केली. वाद कोर्टापर्यंत जाताच १९०५ च्या सुरुवातीला चुकीवर पांघरूण घालणारा आणखी एक कायदा आणला गेला. चूक दुरुस्त करण्याऐवजी चूकच कायदेशीर ठरवली गेली. गोखल्यांनी त्यालाही विरोध केला. सुधारणेची घाई माणसाला कुठे नेते याचे याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही.

पण इथेच मला जहाल मित्रांशी थोडे भांडायचे आहे. विद्यापीठांचा कायदा झाल्यावर दोन वर्षांनी आशुतोष मुखर्जी कलकत्ता विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि ज्या कायद्याला त्यांनी सभागृहात विरोध केला होता त्याच कायद्यातल्या, विद्यापीठाने स्वतः अध्यापन करावे, या तरतुदीवर त्यांनी पदव्युत्तर शिक्षणाची केवढी इमारत उभी केली! हरलेल्या लढाईच्या मैदानावर मागे राहून जे मिळेल ते गोळा करणे आणि त्यातून उभे करणे, हे काम मवाळच करतात. त्याचे पोवाडे होत नाहीत.

दुसरे विधेयक होते सरकारी गुपितांचे. लष्करी गुपितांसाठीचा कायदा मुलकी बाबींनाही लावायचा असा तो बेत. याला विरोध करताना गोखल्यांच्या बाजूला कलकत्त्यातली इंग्रजांची वर्तमानपत्रेही उभी राहिली, कारण फास सगळ्यांच्याच गळ्याला लागत होता. गोखल्यांचा युक्तिवाद साधा होता. या देशात निवडून आलेले कायदेमंडळ नाही, सरकारला जाब विचारायला वर्तमानपत्रांखेरीज कुणी नाही. तेही गप्प केले तर चुका सरकारच्याच कानावर कशा येणार? विधेयकाची धार थोडी बोथट झाली आणि ते मंजूर झाले. त्या घराण्याचा कायदा आजही आपल्या देशात आहे. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याला, सरकारी गुपितांच्या कायद्यात काहीही असले तरी, अशी तरतूद करून पुढे जावे लागले. महाराष्ट्रात त्या अधिकारासाठी झालेले आंदोलन ज्यांनी पाहिले आहे त्यांना गोखल्यांचा तो मुद्दा नवा वाटणार नाही.

कर्झनचा विचार काय होता? त्याला हिंदुस्थानावर प्रेम नव्हते असे म्हणता येत नाही. त्याला इथल्या शेतकऱ्याबद्दल खरोखर कळवळा होता. पण शिकलेल्या हिंदी माणसाबद्दल त्याला आदर नव्हता. मुके कोट्यवधी लोक हेच खरे हिंदुस्थान, आणि त्यांचा खरा प्रतिनिधी मी. मध्ये बोलणारे हे वकील-मास्तर कोण, अशी त्याची समजूत होती. काँग्रेस मोडकळीला आली आहे आणि तिला शांतपणे मरण यावे म्हणून हातभार लावणे ही आपली एक महत्त्वाकांक्षा आहे, असे त्याने १९०० मध्ये विलायतेला कळवले होते. मार्च १९०४ च्या भाषणात त्याने उघडपणे सांगितले की वरच्या जागा इंग्रजांकडेच राहिल्या पाहिजेत. त्याच्याआधीच १८९९ मध्ये कलकत्ता महापालिकेतले निवडून आलेले सभासद निम्म्यावर आले होते आणि सुरेंद्रनाथ बॅनर्जींसह अठ्ठावीस जणांनी राजीनामे दिले होते. या साऱ्याला एकच सूत्र होते. काम चांगले झाले पाहिजे, आणि काम चांगले व्हायचे तर मध्ये बोलणारी माणसे कमी झाली पाहिजेत.

‘सामान्य माणूस माझ्याबरोबर आहे, मधले लोकच ओरडतात’, हे वाक्य मी निरनिराळ्या काळांत, निरनिराळ्या राज्यकर्त्यांच्या तोंडी ऐकले आहे. ते नेहमीच खोटे असते असे नाही. मधले लोक स्वार्थी असू शकतात, आळशी असू शकतात, सुधारणेने त्यांचेच हितसंबंध दुखावलेले असू शकतात. कलकत्त्याच्या नगरसेवकांतही सगळे संत नव्हते. पण ज्याला काही कळते आणि जो अजून तुमच्याशी बोलायला तयार आहे, असा माणूस राज्यकर्त्याला मधल्याच लोकांत सापडतो. त्याला गमावले की सुधारणेचे दोष सांगणारा कुणी उरत नाही. उरतात ते जयघोष करणारे आणि शाप देणारे.

कर्झनने नेमके हेच केले. ११ फेब्रुवारी १९०५ रोजी कलकत्ता विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात, ज्या तरुणांसाठी आपण सुधारणा केल्या असे तो म्हणत होता त्याच तरुणांसमोर, सत्याचा उच्च आदर्श ही मुख्यतः पश्चिमेची कल्पना आहे असे त्याने सांगितले. बंगाल पेटायला आणखी काय हवे होते? जुलैमध्ये फाळणी जाहीर झाली आणि १६ ऑक्टोबरला अमलात आली. कागदावर तीही प्रशासकीय सुधारणाच होती. प्रांत अवाढव्य होता, एका लेफ्टनंट गव्हर्नरला सांभाळणे अशक्य होते, हा मुद्दा बिनतोड होता. पण सहा वर्षे ज्यांना विचारले नाही त्यांना तो पटवून देणार कोण? ज्या मवाळांनी ते केले असते, निदान दुसरा तोडगा सुचवला असता, ते केव्हाच दुरावले होते.

त्याच वर्षी डिसेंबरात बनारसला काँग्रेसचे अधिवेशन भरले, अध्यक्ष गोखले. कर्झन तोवर सरसेनापती किचनरशी भांडून, राजीनामा देऊन गेला होता. ज्या माणसाने तीन वर्षांपूर्वी मिठाच्या करातल्या कपातीचे स्वागत केले होते, त्याने या व्यासपीठावरून कर्झनच्या राजवटीची तुलना औरंगजेबाच्या राजवटीशी केली. कष्टाची विलक्षण तयारी, कर्तव्याची निष्ठा आणि सारी सत्ता एका हाती घेऊन कुणावर विश्वास न ठेवण्याची वृत्ती, हे साम्य त्यांनी दाखवले. महाराष्ट्रातल्या माणसाने औरंगजेबाचे नाव घेणे याचा अर्थ वेगळा सांगायला नको. पण मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते बहिष्काराबद्दलचे त्यांचे म्हणणे. इतर सगळे मार्ग खुंटल्यावर शेवटचा उपाय म्हणून बंगालने बहिष्काराचे हत्यार उचलले ते योग्यच होते, असे गोखले म्हणाले. अर्ज-विनंत्यांचा माणूस बहिष्काराचे समर्थन करीत होता. दोन वर्षांनी सुरतेला काँग्रेस फुटली तेव्हा गोखले मवाळांच्याच बाजूला उभे होते, पण ती बाजू तोवर आकसली होती. टिळकांच्या वाणीने ती जेवढी आकसली त्याहून अधिक कर्झनच्या कारभाराने आकसली, असे माझे मत आहे. पुढे डिसेंबर १९११ मध्ये फाळणी रद्द झाली.

मवाळांनी मिळवले काय, हा प्रश्न मला तरुण मित्र नेहमी विचारतात. उत्तर द्यायला मी रानड्यांकडे जातो. गोखले तरुण असताना सार्वजनिक सभेचे अर्ज लिहीत, सरकारकडून दोन ओळींची पोच येई, कधी तीही येत नसे. वैतागून त्यांनी रानड्यांना विचारले, हा खटाटोप कशाला? रानड्यांचे उत्तर गोखल्यांनी पुढे सांगितले आहे. हे अर्ज नावाला सरकारला लिहिलेले असतात, खरे तर ते लोकांसाठी असतात, लोकांनी या प्रश्नांवर विचार करायला शिकावे म्हणून. सात कोटींच्या शिल्लकेचा तो हिशेब कर्झनला ऐकवला होता, पण तो वाचला देशभरच्या वाचनालयांतून. अंदाजपत्रक ही सामान्य माणसाने तपासायची गोष्ट आहे, हे त्या भाषणाने शिकवले.

आज सुधारणा पोर्टलवर येते, तिला मुदत असते, किती टक्के काम झाले याचा आकडा रोज बदलतो. गती ही चांगली गोष्ट आहे. कर्झनला फायलींचा आलेला राग मला पूर्णपणे पटतो. रेशनच्या दुकानासमोर अंगठा जुळत नाही म्हणून परत फिरणाऱ्या म्हातारीला तर गती हवीच आहे. मात्र ती सुधारणा आखताना तिच्यासारख्या कुणाला विचारले होते का, हे विचारणाऱ्याला सुधारणेचा शत्रू ठरवले जाऊ नये. केंद्र सरकारच्याच २०१४ च्या धोरणात म्हटले आहे की कायद्याचा मसुदा निदान तीस दिवस लोकांपुढे ठेवावा. १९०१ मध्ये मेहतांनी मागितले ते याहून फार वेगळे नव्हते. ते धोरण आहे, कायदा नाही, त्यामुळे पाळले नाही तरी चालते. ज्यांना मवाळ म्हणवून घ्यायची लाज वाटत नाही अशा सगळ्यांनी त्या तीस दिवसांसाठी भांडले पाहिजे आणि ते मिळाले की बसून, मसुदा वाचून, कलमवार हरकती लिहिल्या पाहिजेत. हे काम कंटाळवाणे आहे. मीही ते दर वेळी करतोच असे नाही, पण केले पाहिजे याबद्दल माझ्या मनात संशय नाही.

कर्झनच्याच काळातला एक कायदा या सगळ्यांहून वेगळा निघाला. १९०४ चा सहकारी पतपेढ्यांचा कायदा. त्याच्यामागे फ्रेडरिक निकल्सनचा मद्रासमधला अभ्यास होता, घाई नव्हती, आणि गावातल्या दहा माणसांनी एकत्र यावे, आपली पेढी आपण चालवावी, अशी त्याची रचना होती. निबंधकाच्या हाती अधिकार पुष्कळ होते, पण निदान पहिले पाऊल लोकांनी टाकायचे होते. गोखल्यांनी मार्च १९०४ मध्ये या विधेयकाला मनापासून पाठिंबा दिला आणि त्याच भाषणात उणिवाही दाखवल्या. शेतकरी जुन्या कर्जात बुडालेला आहे, त्याचा काही निकाल लावल्याशिवाय नवी पेढी त्याला कशी तारणार? गावातल्या गावात एवढे भांडवल उभे राहणार नाही, बाहेरून पैसा येण्याची वाट या कायद्यात हवी.

पुढच्या वर्षी मुंबई इलाख्यातल्या धारवाड जिल्ह्यात, गदगजवळ कणगिनहाळला पहिली शेतकी पतपेढी निघाली. १९११ मध्ये लल्लुभाई सामळदास आणि विठ्ठलदास ठाकरसी यांनी मुंबईत मध्यवर्ती सहकारी बँक काढली. तीच आजची महाराष्ट्र राज्य सहकारी बँक. १९५० मध्ये प्रवरेच्या काठी साखर कारखान्याचे धुराडे पेटले तेव्हा त्याच्यामागे धनंजयराव गाडगीळ होते आणि या कायद्याने रुजवलेली पन्नास वर्षांची सवय होती. कर्झनच्या सगळ्या कामांत महाराष्ट्राच्या मातीत खोल गेलेले हेच एक. बाहेरून भांडवल आणणाऱ्या मध्यवर्ती बँकांना कायद्यात जागा मिळाली ती मात्र १९१२ च्या नव्या कायद्यात. गोखल्यांनी ती वाट सभागृहात सांगितली होती त्याला तेव्हा आठ वर्षे झाली होती, आणि त्या आठही वर्षांत खरिपाच्या बियाण्यासाठी शेतकरी सावकाराच्याच दारात उभा होता.